रांजणावर चाललेलं अस्वल

कोरपन्यात मी तीस वर्षं गळके रेडिएटर झाळले. ट्रकचे, जीपचे, ट्रॅक्टरचे. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिकलेल्या माणसांना मागाहून नाक मुरडायचे कष्ट नकोत. शिकलेल्या माणसांचं मला भारी कौतुक आहे. गाडी उकळली की ते बॉनेट उघडून बघतात, मान हलवतात आणि बॉनेट बंद करतात.

माझी मुलगी चंद्रपूरला पॉलिटेक्निक शिकून घरी आली, ती एक जुना कॉम्प्युटर घेऊन. शिकवण्या करून तिनं तो स्वतः घेतला होता, म्हणून मी बोललो नाही. तिला नागपूरला हलत्या चित्रांचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथल्या संस्थेनं सांगितलं होतं, स्वतः केलेली एक मिनिटाची फिल्म पाठवा, मे संपायच्या आत. आवडली तर जागा, नाही तर घरी बसा.

इकडे तिचा मामा सावली गावाहून स्थळ घेऊन येऊन बसलेला. धानाची शेती, पक्कं घर, मुलगा एकुलता एक. मामाला त्या मुलाचं इतकं कौतुक, की मला वाटलं हाच लग्न करतो की काय.

"भाऊजी, या जेठात उरकून टाकू," तो म्हणाला. "पोरगी दिवसभर त्या डब्यापुढे बसून काय करून राह्यली?"

"अस्वल करून राह्यली," मी म्हणालो.

खरंच अस्वल होतं. मोहाच्या झाडाखाली अस्वल येतं, फुलं वेचून खातं आणि डुलत निघून जातं. एवढीच फिल्म. पण त्याच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्यानं हलला पाहिजे, असा तिचा हट्ट. मी म्हटलं, "बाई, केस कमी कर. उन्हाळा आहे, अस्वलालेही गरम होत असन." ती हसली नाही. हट्ट कुठून आला ते तिची आई रोज मला सांगायची.

मामापुढे माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं अस्वल नागपूरले पास नाई झालं, तर तू म्हणशील तसं." मी शब्द फिरवत नाही. त्या घडीला तो गिळावासा वाटला, तरी नाही.

आता कॉम्प्युटरची गोष्ट. त्या डब्यात चित्र काढणारं एक कार्ड असतं. तिचं कार्ड जुनं आणि संथ. केस हलायला लागले की चित्र अडखळायचं. मग तिनं आतल्या आत त्याची गती वाढवून ठेवली. "याले ओव्हरक्लॉक म्हणतात, बाबा."

"म्हणजे पंपाचं सील तोडलं म्हण ना."

सिमेंट वाहणारे ड्रायव्हर हेच करत. डिझेल पंपाचं सील तोडायचं, स्क्रू पिळायचा, गाडी पळवायची आणि इंजिन उकळलं की माझ्या दारात यायचं. "तापणारच मंग," मी म्हणालो. "याच्यात शोध कायचा लावला?"

कार्ड तापायचं आणि मशीन बंद पडायचं. अस्वलाचा एकेक तुकडा व्हायला सलग चार तास लागायचे, मध्ये थांबलं की तो पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडे लाईट राहायची दुपारची, बारा ते पाच. बाकी दिवस भारनियमन. म्हणजे कोरपन्याचा मे, भर दुपार, पत्र्याचं छप्पर आणि सील तोडलेलं कार्ड.

तिनं चंद्रपूरच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. गळ्यात टाय, मे महिन्यात. तो म्हणाला, डबा उघडा ठेवा आणि समोर कूलर लावा. आमच्या भागातला माणूस कशाच्याही समोर कूलर लावतो, म्हाताऱ्याच्या, म्हशीच्या, नवरदेवाच्या. तिनंही लावला. वाळ्याच्या ताटीतून ओली हवा सुटली, थेंब उडाले, डब्यात फट्ट झालं. नशीब, फक्त करंट देणारा भाग जळला. टायवाल्यानं तो बदलून दिला आणि मला म्हणाला, "काका, एसी बसवा. कोरपन्यात एसीशिवाय हे होणारच नाही."

कोरपन्यात होणार नाही म्हणे. ज्या गावात मी उकळतं इंजिन माणसात आणतो, तिथे तळहाताएवढं कार्ड गार होणार नाही. त्या दिवशी मुलीसाठी नाही, त्या टायसाठी मी कामाला लागलो. खोटं कशाला बोलू?

जुन्या रेडिएटरचं तांबं माझ्याकडे पडलेलं होतंच. त्याची आगपेटीएवढी पोकळ डबी केली, आत बारीक नळ्या, एका बाजूनं पाणी आत, दुसरीकडून बाहेर. तळ कानशीनं घासून सपाट केला. काचेवर शेंदूर लावायचा, तळ त्यावर ठेवायचा, उचलायचा. जिथे लाल लागलं तिथे उंच, तिथे कानस. तळ सगळा सारखा लाल होईपर्यंत दोन दिवस घासला. मुलगी बघून म्हणाली, "बाबा, एवढं नाई लागत." मी म्हटलं, "तुह्या अस्वलाले तरी एवढे केस काऊन लागते?" मग परत केसांना लागली.

पाणी कशात ठेवायचं? रांजणात. वारा लागला की रांजण आपोआप गार होतो, त्याला लाईट लागत नाही. घरातला मोठा रांजण उचलून खिडकीत ठेवला, ओलं पोतं गुंडाळलं, आत कूलरचा छोटा पंप सोडला. डबी कार्डावर घट्ट बसवली, पाणी नळीनं रांजणातून डबीत आणि डबीतून परत रांजणात. बायको म्हणाली, "अवो, माया रांजण! पावणे आले त पाणी कायातून देऊ?"

"अस्वलाचं झाल्यावर."

"घरात दोन दोन अस्वलं झाले माया," ती म्हणाली आणि शेजारून माठ मागून आणला.

पहिल्या दिवशी डबीवर हात ठेवला तर गार. कार्ड चारही तास चाललं. मी मुद्दाम टायवाल्याला फोन लावला आणि इकडची तिकडची चौकशी केली. कार्डाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यानंच विचारावं, एवढीच इच्छा होती. त्या गृहस्थानं विचारलं नाही.

दहा-बारा दिवस काम पुढे गेलं. अस्वल झाडापर्यंत आलं. मग एका दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं. दुसऱ्या दिवशीही. मुलीनं गती कमी केली, तरी तेच. पंप चांगला, रांजण गार, पण डबीतून पाणी येतंय म्हणजे करंगळीएवढंही नाही. महिना संपायला सात दिवस उरलेले. मुलगी खुर्चीवरून उठली आणि आईबरोबर लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसली. तिला तशी कैऱ्या चिरताना पाहून मला सावलीचं ते पक्कं घर दिसलं.

मी डबी कापली. आत पांढरी खपली, चुन्याची.

आता हे लिहिताना हात अडतो, पण लिहितो. कोरपन्याच्या जमिनीत चुनखडी आहे, म्हणून तर इथे सिमेंटचे कारखाने. बोरिंगच्या पाण्यात तोच चुना. तीस वर्षं मी ड्रायव्हरांना शिव्या घातल्या, "गाढवा, बोरिंगचं पाणी रेडिएटरमधी टाकतं का? नळ्या बुजते!" दुकानावर खडूनं तसं लिहून ठेवलं होतं. आणि मी काय टाकलं? रांजणात बोरिंगचं पाणी, तेही रोज आटणारं आणि रोज वरून नवं भरलेलं. पाणी उडून जायचं, चुना राहायचा.

बायको आली, तुकडा हातात घेऊन पाहिला. "माया रांजणाले बाहेरून दरसाली पांढरं फुटते, ते नाई दिसत तुमाले?"

"दिसते."

"मंग?"

तीस वर्षांत कुठल्या ड्रायव्हरनंही मला या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

सकाळी मी दुकान बंद ठेवून दुसरी डबी केली. या वेळी घरातलं पाणी डबीला शिवूच दिलं नाही. तांब्याच्या नळीचं वेटोळं केलं, ते रांजणात बुडवलं. वेटोळ्याच्या आत आणि डबीच्या आत फिरणारं पाणी वेगळं, बॅटरीत टाकतात ते, बिनचुन्याचं. शेजारी बॅटरीवाला होताच. त्याला वाटलं मी ट्रक घेतला. रांजणातलं पाणी बाहेरच्या बाहेर वेटोळं गार करी, आत काही जाईना. शेंदूर लावून तळ पुन्हा घासला. दोन दिवस त्यातच गेले.

पुढच्या चार दुपारी मी दुकानात गेलो नाही. रांजणाजवळ बसून पोत्यावर पाणी मारत राहिलो. दोन गिऱ्हाइकं घरी आली, त्यांना म्हटलं, "बसा सावलीत, अस्वल खाऊन राह्यलं." एक निघून गेला. दुसरा बसून पाहत राहिला आणि म्हणाला, "केस त भारीच हलून राह्यले, भाऊ." त्या उन्हाळ्यात मला भेटलेला पहिला शहाणा माणूस तो.

चौथ्या दुपारी पाचला दहा मिनिटं कमी असताना अस्वल डुलत झाडाआड गेलं. मुलीनं सीडी काढली आणि पाचला लाईट गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सीडी घेऊन स्वतः नागपूरला गेली. टपालावर तिचा विश्वास नव्हता, माझाही नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, जागा मिळाली. त्याच आठवड्यात मामा आला, सावलीवाल्यांना काय कळवू म्हणून.

"दुसरी पोरगी पाहून घ्या म्हणा," मी म्हणालो. "पोरगी नागपूरले चालली."

"अन् तिथी काय शिकन?"

"अस्वलाले केस लावणं."

मामानं टोपी काढून टक्कल पुसलं. "त्याच्यात काय आहे, भाऊजी?"

"तुले नाई समजनार," मी म्हणालो. "तुह्या डोक्यावर तो विषयच नाई."

तो जेवायला थांबला नाही. बायको माझ्यावर चिडली, पण आधी तिनं रांजणातलं वेटोळं काढून अंगणात फेकलं, रांजण चिंचेनं तीनदा घासला आणि भरून जागेवर ठेवला. महिनाभर ती म्हणत होती की पाण्याला तांब्याचा वास येतो. मला तर काही आला नाही.