मोहाखालची आग

नवेगाव बांधजवळचं विद्यापीठाचं अभ्यासवन माझ्याकडे आलं, त्याआधीपासून तो तिथे पहारेकरी आहे. बोलताना तो माझ्याकडे बघत नाही, वारा कुठून येतो ते बघतो. गळलेली मोहफुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवला, की संध्याकाळी येऊन नाव सांगतो. माझा नियम साधा आहे. नोंदवहीत नाव आलं, की त्या घराला मोसमभर मोहफुलं बंद. गावात त्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही.

मार्चमधल्या एका दुपारी आग माझ्या विद्यार्थिनींच्या दिशेने निघाली. त्याने आगीच्या वाटेतल्या पाल्याला स्वतःच काडी लावली.

"काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडले.

"पोरींले घेऊन मागं सरका, मॅडम."

दोन्ही आगी समोरासमोर भिडल्या आणि जळायला पाला न उरल्याने विझल्या.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला. "माह्या बायकोनं लावली."

मी वही मिटली. "राहू द्या. तुमच्यामुळे मुली वाचल्या."

"वही मिटली कायले, मॅडम? बाकीच्यायचे नाव त लिवले."

मी वही उघडली. नाव लिहून होईपर्यंत तो वाऱ्याकडे नाही, माझ्या पेनाकडे बघत होता.