ब्रह्मदेशातले दादा

"बाबा, पाहुण्यांशी बोला तरी!" काकांची सून स्वयंपाकघरातून कुजबुजली. टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या त्या छोट्या हॉलमध्ये आम्ही चहाचे कप धरून गप्प बसलो होतो, कारण काका गप्प होते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या या काकांइतका हट्टी मौनी साऱ्या जपानात नसेल. त्यांचे वडील, म्हणजे दादा, मध्य भारतातल्या क्वेकर घरात वाढले. हे ख्रिस्ती लोक प्रार्थनेला नुसते शांत बसतात, आतून वाटेल तोच उठून बोलतो, आणि शस्त्र कुणी उचलत नाही. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेल्या काकांनी टोकियोत क्वेकर सभा शोधली आणि तिथली शांतता घरी आणली. कचरा चुकीच्या पिशवीत टाकला म्हणून इमारतीचे मॅनेजर रागवायला आले, तर काकांनी त्यांनाही शेजारी बसवलं. शेवटी मॅनेजरच 'सुमिमासेन' म्हणत, माफी मागून गेले. मला गप्प बसणं जन्मापासूनच जमतं, त्यामुळे मी लाडकी.

मौन सुटलं की काकांच्या तोंडी दादांच्या गोष्टी सुरू. दादा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या सैन्यात होते, पण त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत. "जखमींना उचलायला गेले असणार. आमच्यात बंदूक नसते," काका ठासून सांगत. पुराव्यासाठी माझं शाळेतलं इंग्रजी कामाला लागलं. मी परदेशातल्या संग्रहालयांना ईमेल पाठवत राहिले आणि एकदाचा फोटो आला. ब्रह्मदेश, खाली दादांचं नाव, आणि तिवईवरच्या मशीनगनमागे पालथे पडलेले हसरे दादा. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "जमीन मोजायचं यंत्र दिसतंय." मी नुसतं गोळ्यांच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

त्या रविवारी दुभाषी म्हणून त्यांनी मला सभेला नेलं. सातो-सान, म्हणजे सातोबाई, नेहमीसारख्या काकांसाठी शेजारची खुर्ची धरून बसल्या होत्या. परक्या शहरातली ती त्यांची एकमेव मैत्रीण. सातो-सानचे वडील त्याच युद्धात जपानकडून लढायला गेले, ते ब्रह्मदेशातून परतलेच नव्हते. काका त्या खुर्चीत बसलेच नाहीत. सगळे शांत झाल्यावर ते दाराजवळच उभे राहिले. "माझे वडीलही तिथे होते," म्हणाले. मी जपानीत सांगितलं. "त्यांच्या हातात..." पुढे शब्दच येईना. सातो-सान वाट पाहत होत्या. काकांनी माझी बाही धरली. "तू सांग, बाळा. मला नाही जमत."

इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते.

"मशीनगन होती," मी म्हणाले, "आणि काकांना अजूनही तुमच्या शेजारीच बसायचंय, तुम्ही बसू दिलंत तर."