गोडंबीच्या पानावरचं शुद्धिपत्र

जानेफळच्या एसटी थांब्यावर बाई माझ्यापासून हातभर लांब उभी होती. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. नाव द्वारका. तिनं गोडंबीचं फडकं पदराच्या टोकात धरून माझ्यापुढे केलं. नवा पांढरा सदरा होता माझा, आणि तिचे हात नेहमीसारखे काळे. डोणगावच्या व्यापाऱ्याकडून बिब्बे आणायचे, दगडावर फोडायचे आणि आतला गर, म्हणजे गोडंबी, काढून द्यायची, हे तिचं काम. बिब्ब्याचं तेल कातडीत मुरतं आणि निघत नाही. आई गेल्यावर याच हातांनी तिनं मला वाढवलं. वडील थांब्यावर आलेच नाहीत. घरातूनच म्हणाले, "नोकरी लागली का मानूस तिकडचाच होते."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वऱ्हाडातले आम्ही काही जण पुण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून गेलो. खामगावहून जलंबला जाणारी लहान गाडी, पुढे भुसावळ, मनमाड आणि मग ते शहर. तिथं माझ्या 'मले-तुले'ला लोक हसायचे. महिन्याभरात मी 'मला-तुला' म्हणायला शिकलो. घरी काय करतात असं कोणी विचारलं की शेती आहे, एवढंच सांगायचो. बहीण मजुरीनं बिब्बे फोडते, हे मी कधीच सांगितलं नाही.

जेवण मात्र लपवता येईना. खोलीवर रॉकेलच्या स्टोव्हवर मी बाईच्या आठवणीनं भाज्या करायचो आणि डब्यात न्यायचो. गोडंबीची रस्साभाजी कचेरीत गाजली. नवं राज्य, नवे भाऊबंद, तेव्हा वऱ्हाडात काय खातात याचं लोकांना कुतूहल होतं. कोणीतरी म्हणालं, लिहून काढा की. ते माझ्या डोक्यात बसलं.

पुढच्या दिवाळीला मी रेघांची वही घेऊन घरी गेलो. बाई फोडत बसायची आणि सांगायची, मी लिहायचो. प्रमाण विचारलं की ती मूठ पुढे करायची. मीठ किती, म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"काऊन बे बापू, इतका शिकला अन् मीठ समजत नाही तुले? पयले हे लिही, पुन्याच्या बायाईले चूल पेटोता येते का."

गोडंबीच्या भाजीशी आल्यावर मात्र तिनं हातातला दगड खाली ठेवला आणि हळूहळू, शब्द मोजून सांगितलं. ते वहीत मी जसंच्या तसं घेतलं होतं. सगळं संपल्यावर म्हणाली, "अन् माहं नाव टाकजो बरं. द्वारका, जानेफळची. बाकी काई नको." मी हो म्हटलं. तिला वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव छापलेलं असावं, एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितली.

पुस्तक मी स्वतःच काढलं. संध्याकाळी कचेरी सुटली की छापखान्यात जाऊन प्रुफं तपासायचो. पुरुषानं लिहिलेलं पाकशास्त्र लोक नवल म्हणून तरी घेतील, असं छापखान्याचे मालक म्हणाले. मला ते पटलं, खरं तर आवडलं. मुखपृष्ठावर माझं नाव आलं. प्रस्तावनेत 'आमच्याकडील जुन्याजाणत्या स्त्रिया' एवढंच लिहिलं. बाईचं नाव लिहिलं तर ती कोण, काय करते, हे विचारणारं कोणीतरी निघालं असतं.

गोडंबीच्या पानावर मी आणखी एक गोष्ट केली. बाईनं दगड बाजूला ठेवून सांगितलेली ती वाक्यं मी काढून टाकली. पानात जागा नव्हती असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, पण जागा होती. त्या वाक्यांत राख होती, तेल होतं, काळे हात होते. खाण्याच्या पुस्तकात ते शोभत नाही, असं मला वाटलं. पानावर फक्त राहिलं: 'बिब्बे फोडून आतील गोडंबी काढून घ्यावी.'

पुस्तक चाललं. मग एके दिवशी भरदुपारी एक गृहस्थ कचेरीत आले आणि माझ्या टेबलावर पुस्तक उघडून ठेवलं. त्यांच्या पत्नीनं काष्ठौषधींच्या दुकानातून बिब्बे आणून फोडले होते. त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला होता. बिब्बा उतला. चेहरा सुजून डोळे मिटले होते, ओठांवर फोड आले होते. शेजारी खेळणाऱ्या मुलीच्या बोटांनाही लागलं होतं. ते आरडाओरड करत नव्हते. शांतपणे म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलंत ना?"

सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती. आणि मी माझ्याच तोंडून ऐकलं, "लिहिलं मी, पण सांगितलं एका खेड्यातल्या बाईनं. तिची चूक झाली."

बहीण हा शब्दही मी उच्चारला नाही.

हेडक्लार्क म्हणाले, उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र डकवा. मी दोन बोटं रुंदीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या: 'ही कृती जानेफळच्या द्वारकाबाई या अशिक्षित बाईकडून घेतली असून सांगण्यात तिच्याकडून चूक झाली आहे. बिब्बे घरी फोडू नयेत.' खळ शिजवून एकेका प्रतीत मीच त्या चिकटवल्या. अख्ख्या पुस्तकात तिचं नाव तेवढंच आलं.

पुढच्या दिवाळीला माझ्या पिशवीत त्यातलीच एक प्रत होती. बाईनं हात धुतले, पदराला पुसले, पानं उलटली. अक्षरांची ओळख नव्हती, तरी शोधत होती. "यात माहं नाव कुठी हाय?"

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

तिनं चिठ्ठीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे असं डकवेल काऊन हाय? बाकी तं सारं छापेल हाय."

"मागून आठवलं," मी म्हणालो.

ती हसली. "आठवलं तं खरं."

पुढच्या खेपेला गेलो तर दारातून आत पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर काचेची तसबीर. तिनं खामगावला जाऊन ती चिठ्ठी मढवून आणली होती. येणारा-जाणारा, वाचता येणारा प्रत्येक जण ती वाचत असणार. त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो. पुण्याचं पानी लागलं याले, म्हणून ती माझी थट्टा करत होती. तिला माहीत नाही, कोणी सांगितलंही नाही, असं मी धरून चाललो. नंतर माझं जाणंच कमी झालं. कचेरीत रजा मिळत नाही, असं कळवायचो.

बाई गेली तेव्हा तेरवीला गेलो. शेजारचे खंडारे गुरुजी शाळेत शिकवायचे. मी तसबीर उतरवत होतो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"ते मढवाले नेलं ना तिनं, त्याच्या आदल्या दिवशी माह्याकडून वाचून घेतलं," ते म्हणाले. "मी जसं होतं तसं वाचलं, भाऊ. खोटं वाचनं आपल्याच्यानं झालं नाही. म्हने, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मंग इचारलं, नाव बराबर हाय ना? मी म्हटलं, हाव. तं म्हने, बापूले सांगू नका. तो येनं बंद करन."

म्हणजे हसली होती ती आधी, फसून. आणि पाण्यावरून थट्टा केली होती ती सगळं कळल्यावर. मला ताट वाढताना तिला ठाऊक होतं. आणि मी तरीही येणं बंद केलंच होतं.

हे कळूनही इतकी वर्षं मी गप्प होतो. आता नातसुनेला ते पुस्तक कपाटात सापडलं. पुन्हा छापू म्हणते. चिठ्ठी दाखवून तिनं विचारलं, "आजोबा, ही द्वारकाबाई कोण? बिचारीनं काय घोटाळा केला होता?" पन्नासहून जास्त वर्षं मी या घरात राहतो आहे, आणि या घरात माझ्या बहिणीबद्दल लोकांना एवढंच माहीत आहे.

जानेफळात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून आलेल्यांनो, आमचं ते घर आता पडलं आहे. मला गाव म्हटलं की भिंतीवरचा एक खिळाच दिसतो. वही मात्र माझ्याकडे आहे. नव्या आवृत्तीत मुखपृष्ठावर तिचं नाव असेल, आणि गोडंबीच्या पानावर, डकवलेलं नाही, छापलेलं, हे असेल:

"बिब्बा फोडाच्या आंधी हाताले गोडं तेल लाव, वरून राख लाव. त्या हातानं तोंड पुसू नको. लेकरू जवळ बसू देऊ नको. ज्याले बिब्बा उतते त्यानं या कामाले हातच लावू नये, दुसऱ्यानं फोडून द्यावं."

हे द्वारकानं सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. चूक माझी.