बाराव्या धड्यापर्यंत

नागभीडला आमच्या मोहल्ल्यात राइस मिलच्या मिस्त्रीची आठवण निघाली की कोणीतरी म्हणतोच, "म्हातारीचा पोरगा तिकडं मेला, अन् त्या आफ्रिकावाल्या बाईनं सासूले कधी इचारलं बी नाई." मी तिथे बसलेला असतो आणि मान हलवतो. कित्येक वर्षं हलवत आलो. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे फक्त मला माहीत आहे. माझ्यामागे ती खरी ठरू नये म्हणून हे लिहितो आहे.

मिस्त्री माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बाप लवकर गेलेला, आई गाद्या-रजया शिवून घर चालवायची. मिलचं कुठलंही यंत्र तो कान लावून ओळखायचा. नव्वदीच्या सुरुवातीला टांझानियातल्या एका गुजराती मिलमालकाने त्याला बोलावलं. त्या मालकाने एक पातळ पुस्तक पाठवलं, इंग्रजीतून स्वाहिली शिकवणारं. मिस्त्रीला इंग्रजी येत नव्हतं. मी हायस्कूलात हिंदी आणि संस्कृत शिकवत होतो, म्हणून तो पुस्तक घेऊन माझ्याकडे आला.

दुपारी लाइन गेली की मिल थांबायची. मग आम्ही कोंड्याच्या पोत्यांवर बसून धडे करायचो. मी एक-एक धडा वहीत उतरवून घ्यायचो आणि त्याला मराठीत समजावून सांगायचो. किताबला किताबू, खबरला हाबारी, दवेला दावा. मिस्त्री हसायचा, "गुरुजी, हे तं आपलंच हाये. मंग शिकाचं का यात?" शिकायचं होतं ते व्याकरण. आपल्याकडे अनेकवचन शब्दाच्या शेवटी कळतं. तिथे ते सुरुवातीला. म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुलं. कीती म्हणजे खुर्ची, वीती म्हणजे खुर्च्या. मिस्त्रीने ते एका वाक्यात बसवलं: "आपण बैलाले शेपटी पिरगाळून हाकलतो, ते शिंगाले धरते."

मला सगळ्यात आवडलं ते तांदळाचं. शेतात उभा तो म्पुंगा, कांडलेला तो म्चेले, शिजलेला तो वाली. आपलं धान, तांदूळ, भात. इंग्रजीत तिघांना मिळून एकच शब्द. "म्हंजे हे लोक धानवाले हायेत," मिस्त्री म्हणाला आणि त्याची अर्धी भीती गेली असं मला वाटलं.

बारा धडे झाले आणि त्याचा पासपोर्ट आला. पुस्तकात तीस धडे होते. पुस्तक तो घेऊन गेला. माझ्याकडे वही राहिली, बाराव्या धड्यापर्यंतची.

तिकडे त्याने लग्न केलं, मुलगी झाली. हे सगळं तो हिंदी पत्रांत कळवायचा, आईला ती मीच वाचून दाखवायचो. मग एकदा मालकाचं इंग्रजी पत्र आलं: ताप डोक्यात गेला, दोन दिवसांत संपलं. ते पत्रही मीच वाचून दाखवलं. ते मात्र जसं होतं तसं वाचलं.

तीन-चार महिन्यांनी सुनेचं पहिलं पत्र आलं. निळी शाई, सुबक अक्षर, सगळं स्वाहिलीत. मिस्त्रीची म्हातारी आई ते पदरात गुंडाळून माझ्या घरी आली. "गुरुजी, वाचा बरं. सून का लिवते जी?"

पहिला शब्द होता 'शिकामो'. तो पहिल्याच धड्यात होता. लहानांनी मोठ्यांना करायचा नमस्कार, मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते'. त्यावर मोठ्यांनी 'माराहाबा' म्हणायचं. मी सांगितल्याबरोबर म्हातारी ताठ बसली आणि कागदाकडे बघून मोठ्याने म्हणाली, "मरहबा, बेटी, मरहबा."

त्यापुढचं मला धड येत नव्हतं. दर ओळीत दोन शब्द ओळखीचे, सहा अनोळखी. मूल, घर, शाळा, पाऊस, आई. 'मला एवढं येत नाही' असं म्हणायला हवं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि दारात शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या होत्या. मी ओळखीच्या शब्दांना मधे-मधे टाके घातले. मुलगी बरी आहे. शाळेत जाते. दारात एक पांढरी बकरी आहे, तिच्यामागे पळते. बकरी माझी होती.

गावात मी 'आफ्रिकावाले गुरुजी' झालो. पोस्टमन पत्र माझ्याकडेच आणून द्यायचा. सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी माइकवर बोलावलं, "होऊन जाऊ द्या दोन वाक्यं." मी चार बोललो. टाळ्या पडल्या.

म्हातारी दर पत्राला विचारायची, "पोट्टी किती उंच झाली?" मी हात धरून दाखवायचो, एवढी. ती दोऱ्याने माझ्या हाताची उंची जमिनीपासून मोजून घ्यायची. ईदला त्या मापाचा फ्रॉक शिवायची आणि पेटीत ठेवायची. "पाठवत नाई जी. पोस्टात हरवते. येईन तवा घालन."

पाचवं पत्र लांब होतं. त्यात 'म्तोतो' हा शब्द सात वेळा होता, आणि इंडिया तीनदा. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. काहीतरी विचारलंय, एवढं मला कळलं. मालकाचा पत्ता माझ्याकडे होता. त्याला इंग्रजीत दोन ओळी टाकल्या असत्या तर त्याने मजकूर कळवला असता. पण मग मला येत नाही हे त्याला कळलं असतं, आणि त्याचं इंग्रजी उत्तर आलं की ते कशाला, हे पोस्टमनने विचारलं असतं, मग गावाने. मी वाचलं, "मुलीला इंडियाची गोष्ट सांगते. ती आजीचं नाव घेते." म्हातारी रडली. मी उत्तर लिहिलं, नेहमीसारखं, वहीत होतं तेवढ्यावर. आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस पडतो आहे. धान चांगलं आहे.

त्यावर तिचं एक छोटं पत्र आलं. त्यालाही मी तसंच उत्तर दिलं. नंतर काहीच आलं नाही. म्हातारी वर्षभर पोस्टमनला विचारत राहिली. मग विचारणं बंद केलं. पत्रं तिने माझ्याकडे ठेवायला दिली. तिच्या घरात उंदीर फार.

निवृत्त झाल्यावर नागपूरला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला स्वाहिलीचा शब्दकोश दिसला. घरी आणला, पत्रं काढली, चार दिवस बसलो. पाचव्या पत्रातला मुख्य मजकूर हा होता:

"शिकामो, आई. माझे भाऊ माझं दुसरं लग्न लावून देत आहेत. तो माणूस मुलीला ठेवून घेणार नाही. मालक ईदनंतर इंडियाला येणार आहेत. ते म्हणतात, मुलीला तुमच्यापर्यंत पोचवू. ती तिच्या बापासारखी हसते. तिला तुमच्याकडे पाठवू का? नको म्हणालात तर मी रागावणार नाही. पण मला उत्तर द्या."

आणि छोट्या पत्रात:

"तुमच्याकडे पाऊस चांगला आहे हे वाचून बरं वाटलं. मुलीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. मालक या महिन्यात निघतात. म्हणजे नको, असं समजू का?"

'हो'ला स्वाहिलीत 'न्दियो' म्हणतात. तो शब्द माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होता, मिस्त्रीच्या हातचा.

त्याच आठवड्यात मी म्हातारीकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. ती खाटेवर होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. पत्रांचा कागद वाजला तशी म्हणाली, "आनलेत का? ते पयलं वाचा." मी पहिलं पत्र हातात घेतलं. त्यात खरं काय आहे ते आता मला येत होतं. मी सुरुवात केली, "शिकामो."

"मरहबा, बेटी," ती म्हणाली.

मी वाचत गेलो, मुलगी बरी आहे, शाळेत जाते, दारात काळी बकरी आहे...

"नाई गुरुजी," तिने हात वर केला. "तवा तुमी पांढरी म्हनलं होतं."

"हो," मी म्हणालो. "पांढरीच आहे. मी चुकलो."

सांगायचं ते राहिलंच. सहाही पत्रं मी तिला तिच्या आठवणीप्रमाणे वाचून दाखवली. जिथे अडखळलो तिथे तिने पुढचं सांगितलं. दोन वर्षांनी ती गेली.

दफन झाल्यावर तिच्या भाचीने पेटी उघडली आणि मला बोलावलं. "गुरुजी, हे कोनाचे जी? एवढे फ्रॉक?" एकावर एक सहा होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा चार बोटं मोठा. माझ्या हाताच्या उंचीचे. सगळ्यात वरच्याला बटणं लावायची राहिली होती. भाची म्हणाली, "त्या बाईले काही माया असती तं पोरीले एकदा तरी पाठवलं असतं." मी तेव्हाही मान हलवली.

मग टांझानियातल्या मिलच्या जुन्या पत्त्यावर मी मुलीच्या नावाने पत्र टाकलं, शब्दकोश बघून, चार वेळा तपासून. तुझ्या आईने दोनदा विचारलं होतं. तुझ्या आजीपर्यंत ते पोचलं नाही, कारण वाचणारा मी होतो. ती हो म्हणाली असती. उत्तर आलेलं नाही.

भाची अजून त्याच घरात राहते. फ्रॉक तिच्याकडेच आहेत. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिला वाचून दाखवणार आहे, आणि या वेळी कागदावर आहे तेवढंच वाचणार आहे.