आत्येच्या खुर्चीवरचा गॉगलवाला

अन्याय झाला तो माझ्या आत्येवर. पावसाळी मासेमारीबंदी उठली त्या पहिल्या सकाळी, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत, सगळ्या बंदरादेखत.

सोसायटीत कॉम्प्युटर एकच. होडीला दर्यात जायची चिठ्ठी त्यातूनच निघते, आणि ती काढते माझी आत्ये, गेली कित्येक वर्षं. आदल्या संध्याकाळी कणकवलीचा दुरुस्तीवाला आपल्या दुकानात बसूनच इंटरनेटवरून या मशीनमध्ये शिरला, बिघाड काढला, जोडणी तोडली आणि मोकळा झाला.

सकाळी आत्येने पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. बाहेर इंजिनं धडधडत होती, बर्फ वितळत होता आणि दारात होड्या हाकणाऱ्या तांडेलांची गर्दी.

"काय गो काकी, पासवर्ड दर्यात पडलो काय?"

"बंदी मासळेक होती, तू डोक्याक पण घातलंस काय?"

आत्ये हसली नाही. तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "आता तुमचं वय झालं. या खुर्चीवर कुणीतरी तरुण बघायला हवं." एरवी तिच्याशी मालवणीत गजाली करणारा माणूस शुद्ध मराठीवर आला, तेव्हाच मी समजले की खुर्ची चालली.

मी तिथे आमच्या संघटनेची पत्रकं वाटायला गेले होते. पत्रकं टेबलावर आपटली, गर्दी सारली आणि स्क्रीन नीट बघितली. मधोमध गोलात एक फोटो. गॉगल लावून कुणाच्या तरी लग्नात हसणारा पुरुष. खाली त्याचं नाव.

"आत्ये, हो कोण?"

"हो? कणकवलीचो दुरुस्तीवालो! गो बाय, माका वाटला जाहिरात आसा."

त्याने नुसती जोडणी तोडली होती, साइन आउट केलंच नव्हतं. त्यामुळे स्क्रीनवर त्याचंच नाव बसून राहिलं, आणि आत्ये आपला अगदी बरोबर पासवर्ड त्याच्या नावाखाली टाकत राहिली. तिचं नाव होतं खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. तिने त्यावर क्लिक केलं, तोच पासवर्ड टाकला. उघडलं.

"विसरलंय मी?" तिने दाराकडे बघून एवढंच विचारलं. मग चिठ्ठ्या भराभर निघाल्या आणि होड्या सुटल्या.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "एवढं काय त्यात?" माझं भाषण तयारच होतं, पण आत्येने फोन काढून घेतला. "बाबा, काम बरा केलंस. पण फोन ठेवच्याआधी माका इचार, काकी, तुझा नाव दिसता मां?"

आता तो दर वेळी विचारतो. ती चष्मा वर सारून स्क्रीन बघते, "दिसता रे" म्हणते, मगच तो फोन ठेवतो. खरं सांगते, ते ऐकून मला एखादा मोर्चा जिंकल्यासारखं वाटतं. आत्ये खुर्चीवर आहे, मजेत आहे. चेअरमननी तो विषय पुन्हा काढलेला नाही. माफीही मागितलेली नाही. आत्ये म्हणते, "जाऊं दे गो." मी जाऊ देणार नाही.

तुम्हालाही सोडणार नाही. दुसऱ्याच्या मशीनमध्ये दुरून शिरत असाल, तर निघताना साइन आउट करा आणि तिथल्या माणसाला त्याचं नाव दिसतंय का, ते विचारा. आणि कचेरीत एखाद्या बाईला "वय झालं" म्हणायला तोंड उघडाल, तर आधी स्क्रीनवर कुणाचं नाव आहे ते वाचा.