पौषातला हातपंखा

पौषाच्या थंडीत एकोडीत घरोघरी शेकोट्या पेटायच्या आणि माझी आत्या ओसरीत बसून हातपंख्यानं वारा घेत असायची. कपाळ घामानं भिजलेलं. जाणारे-येणारे बघायला लागले की तीच म्हणायची, "हासा, हासा. मले बारमाही उन्हाळा हाये."

हा उन्हाळा तिनं हौसेनं ओढवून घेतला, असं गावाचं मत. तिची आई आणि थोरली बहीण दोघीही अंडाशयाच्या कर्करोगानं गेल्या होत्या. आत्या अंगणवाडी सेविका, कागद नीट वाचणारी. नागपूरला जाऊन तिनं रक्ताची जनुकीय तपासणी करून घेतली आणि पिढीतून उतरणारा तोच दोष तिच्यातही निघाला. रोग झालेला नव्हता, पण धोका मोठा होता. नवरा कधीचाच वारलेला, मुलगा पुण्यात. तिनं एकटीनं ठरवलं आणि रोगाआधीच अंडाशय आणि त्यांच्या नळ्या काढून घेतल्या. पाळी एकाएकी थांबली, अंगाची आग सुरू झाली.

आमच्याकडे कुणी दवाखान्यातून घरी आलं की पाहायला जायची रीत आहे. केळी, बिस्किटाचा पुडा, अर्धा तास गप्पा. आत्यानं ओसरीत दोन खुर्च्या मांडल्या, साखर-चहापत्ती आणून ठेवली. कुणी फिरकलं नाही.

"रोगच नाही, तं पाहाले कायले जावाचं?" माझी आई म्हणाली. मी राहते त्या सानगडीहून एकोडी काही लांब नाही, तरी मी गेले ते बाराव्या दिवशी. खुर्च्या तशाच होत्या. आत्यानं एकीवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "बस. पयली तूच आली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी तिनं मला तपासणी करायला सांगितलं. मी म्हटलं, "मी तर तुझ्या भावाची मुलगी. हे आईकडून येतं ना?"

"काहून? तुजा बाप त्याच मायचा पोरगा नोहोय का?"

पुढं दर भेटीत हाच विषय. मी कधी धान रोवण्याचं कारण सांगायची, कधी धानकापणीचं. खरं तर मला भीती वाटायची. ती रागवायची नाही. "मी वाट पाहून राहिली," एवढंच म्हणायची.

गेल्या वर्षी ती झोपेतच गेली. हृदयानं, पोटानं नव्हे.

तेरवी आटोपल्यावर मी नागपूर गाठलं. माझ्यातही तोच दोष होता. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलं मोठी झालेली. आत्यानं केलं तेच मीही केलं.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. पुन्हा पौष आहे, रस्त्यावर शेकोटीभोवती बायका बसल्या आहेत. माझ्या हातात आत्याचा पंखा आहे, ओसरीत दोन खुर्च्या मांडल्या आहेत. कुणी आलेलं नाही. आत्या असती तर पहिल्याच दिवशी केळी घेऊन आली असती, आणि हा पंखा माझ्या हातातून ओढून घेऊन तिनंच मला वारा घातला असता.