तळ्याची माती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण ‘जाऊ द्या हो, होतं असं’ एवढं मात्र म्हणू नका.

माझा थोरला भाऊ — आम्ही त्याला अण्णा म्हणतो — मला आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हता. नव्वद सालानंतर त्यानं राजाजीनगरच्या पुढे प्लॉट घेतला. भूमिपूजेला त्याच्या ऑफिसातली माणसं आली होती. त्यांना माझी ओळख कशी करून दिली? “हा आमचा धाकटा. माती उपसतो.” सगळे हसले. वीस वर्षं मी बांधकामांवर सुपरवायझर होतो — आणि मी माती उपसतो. तो राग मी गिळला. पचला मात्र नाही.

मग पाया खणायला घेतला. ईशान्येच्या कोपऱ्यात काळी, चिकट माती लागली, आत गोगलगाईंचे बारीक शंख. तळ्याची माती. तळं बुजवून प्लॉट पाडलेले, दुसरं काय? असल्या मातीवर पाया घातला की घर एका अंगानं खचतं. खाली लाल, कडक जमीन लागेपर्यंत खणायचं — त्याला दुसरा इलाज नाही. मुनिस्वामी मेस्त्रीनं ते लगेच ओळखलं.

“स्वल्प अजून खाली जाऊ, अण्णा,” तो म्हणाला.

अण्णाला घाई होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, जरूर आहे का म्हणून विचारलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझं मत विचारलं होतं. आणि मी —

“सरी आहे, ठीक आहे एवढं. भरून टाका.”

मुनिस्वामीनं हातातलं ढेकूळ खड्ड्यात टाकलं. मला कळतंय, हे त्याला कळत होतं.

दोन पावसाळे गेले आणि तो कोपरा बसला. देवघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. मला आनंद झाला — हो, झाला. खोटं कशाला बोलू? अण्णानं मेस्त्रीला बोलावून घेतलं. जमीन धाकट्यानं पाहिली होती, म्हणजे जमिनीत खोट नाही, म्हणजे तूच सिमेंट खाल्लंस — असं गल्लीदेखत म्हणाला. मग माझ्याकडे वळला, “काय रे?”

मी हो म्हणून मान हलवली.

मुनिस्वामीनं तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? त्याचा मला अजून राग येतो. त्या भागात पुन्हा कुणी त्याला काम दिलं नाही. चार-पाच वर्षांनी बोम्मसंद्र्यात एका कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन म्हणून दिसला. त्यानं उठून सलाम केला आणि विचारलं, अण्णांचं घर कसं आहे. बरं आहे, म्हणालो आणि आत गेलो.

ती भेग दर वर्षी नव्यानं उघडते. दसऱ्याआधी अण्णा मला बोलावतो, मी जाऊन बुजवतो. शेजारी खुर्ची टाकून तो बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “जमिनीतलं काही असलं तर आमच्या धाकट्याला विचारा.”

मी थापी चालवत राहतो.